कृष्णमृगाला थारा नसलेली भूमी

धर्म कोणत्या देशात आचरावा, या प्रश्नाला आपल्या स्मृतिकारांनी दिलेले उत्तर मोठे विलक्षण आहे. त्यांनी त्या देशाच्या सीमा सांगताना राजधानीचे नाव घेतले नाही, सैन्याची गणती केली नाही, देवळांचे कळसही मोजले नाहीत. जेथे कृष्णमृग आपल्या स्वभावाने, निर्भयपणे संचार करतो ती भूमी यज्ञाला योग्य, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो. याज्ञवल्क्य स्मृतीच्या तर अगदी आरंभी, मिथिलेत बसलेला तो योगीश्वर भोवतालच्या मुनींना धर्म सांगू लागतो तो कृष्णमृगाच्या देशाचा उल्लेख करूनच. स्मृतींतील प्रत्येक वचन आजच्या हिंदू समाजाने शिरोधार्य मानावे असे कोणी म्हणत नाही, आणि मानूही नये. परंतु भूमीचे पावित्र्य तेथे निर्धास्त चरणाऱ्या एका वन्य पशूवरून ओळखावे, ही कल्पना जगात अन्यत्र कोठे क्वचितच आढळेल.

हा कृष्णमृग म्हणजेच आपला काळवीट. आता त्या स्मृतिकारांचीच कसोटी आपण आपल्या महाराष्ट्राला लावू. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात काळविटासाठी राखलेले रेहेकुरी अभयारण्य आहे. १९८० साली ते घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ किती? अवघे २.१७ चौरस किलोमीटर! एखाद्या मध्यम आकाराच्या औद्योगिक वसाहतीलाही याहून अधिक जागा लागते. अष्टविनायकांतील मोरगावच्या पंचक्रोशीत, सुप्याजवळ चिंकाऱ्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे, ते ५.१४ चौरस किलोमीटरचे. ज्या दख्खनच्या पठारावर शिकारी साहेबांनी शेकडोंचे कळप पाहिल्याच्या नोंदी करून ठेवल्या, त्या पठारावर कृष्णमृगाच्या हक्काची म्हणून आपण फारच थोडी भूमी शिल्लक ठेवली आहे. उरलेला काळवीट शेताच्या बांधावरून, डांबरी सडकेवरून आणि मोकाट कुत्र्यांच्या तोंडातून वाट काढीत जगतो आहे. यज्ञीय देशाचे हे चित्र पाहून आपण स्वस्थ बसावे काय?

ज्याला आपण ओसाड म्हणतो

या दुरवस्थेचे मूळ एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘पडीक’. सरकारी दप्तरात, नियोजनाच्या अहवालात, आणि दुर्दैवाने आपल्या सुशिक्षितांच्या मनातही माळरान म्हणजे पडीक, ओसाड, कुचकामी जमीन असे समीकरण घट्ट बसले आहे. जेथे झाड नाही तेथे निसर्ग नाही, असा हा समज. पावसाळ्यानंतर सोलापूर, कर्जत, दौंड वा माणदेशाच्या माळावर जाऊन कोणी उभे राहावे. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी असे नाना जातींचे गवत कमरेपर्यंत वाढून वाऱ्यावर डुलत असते. चंडोल आभाळात चढून गात असतो, धाविक पक्षी पायांखालून पळत सुटतो. खोकडाची बिळे आहेत, लांडग्याची वाट आहे, तणमोर आणि माळढोक यांची तर हीच जन्मभूमी. हे वन नव्हे म्हणून ते ओसाड, असे म्हणणे म्हणजे समुद्रात झाडे नाहीत म्हणून त्याला वाळवंट म्हणण्यासारखेच आहे.

जुने जाणकार हरणांचे दोन भेद करतात. ज्याची शिंगे दर वर्षी गळून नव्याने उगवतात ते सारंग, आणि ज्याची शिंगे आजन्म टिकतात ते कुरंग. चितळ, सांबर हे सारंग. ते झाडीच्या आश्रयाने राहतात. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग; त्यांचे सारे शरीर उघड्या माळासाठी घडलेले आहे. काळविटाचे संरक्षण झुडपाआड लपण्यात नाही; दूरवर पाहणारी नजर आणि वाऱ्याशी स्पर्धा करणारे पाय हेच त्याचे कवच. त्याच्या माळावर तुम्ही दाट झाडी लावली तर तुम्ही त्याला घर दिले नाही, त्याचे डोळे बांधले. मादी आपले नवजात पाडस उंच गवतात लपवून चरायला जाते. ते गवत नाहीसे झाले की पाडस पहिल्याच आठवड्यात कुत्र्यांच्या हाती लागते. एवढे साधे गणित आहे.

आणि हे गवत केवळ काळविटाचे नाही. माणदेशची काटक खिलार गाय याच गवतावर पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली. धनगरांची मेंढरे याच माळावर चरत आली, आणि पीक निघाल्यावर शेतकऱ्याच्या वावरात बसवली गेली की त्या शेताला फुकटचे खत मिळत आले. गाय, मेंढी, काळवीट, लांडगा आणि कुणबी या सर्वांना एका सूत्रात ओवणारी ही व्यवस्था होती. तिला ‘ओसाड’ कोणी ठरवले?

साहेबाची नोंदवही

आपल्या प्राचीन राज्यशास्त्राने तरी ठरवले नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात ‘भूमिच्छिद्रविधान’ नावाचे प्रकरण आहे. जी जमीन नांगरता येत नाही तिचे काय करावे, हा त्याचा विषय. कौटिल्य तिला टाकाऊ म्हणत नाही. ती गुरांच्या चराईसाठी विवीत म्हणून द्यावी, काही तपोवनांसाठी द्यावी आणि तेथील चराचराला अभय असावे, काही मृगवनासाठी राखावी, अशी त्याची आज्ञा आहे. या कुरणांवर देखरेखीसाठी विवीताध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी त्याने सांगितला आहे. अभय दिलेल्या मृगांना मारणाऱ्यास कडक दंड सांगितला आहे. मनुस्मृती तर गावाच्या चहूबाजूंस शंभर धनुष्ये आणि नगराभोवती त्याच्या तिप्पट जागा गुरांसाठी मोकळी सोडण्यास सांगते. न नांगरलेल्या भूमीचाही काही धर्म असतो, काही उपयोग असतो, हे येथे गृहीत धरलेले आहे.

शिवछत्रपतींचे १६७३ च्या मे महिन्यातील चिपळूणच्या छावणीला लिहिलेले पत्र अनेकांना ठाऊक असते ते रयतेला त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी. पण त्या पत्राचा मोठा भाग कशाविषयी आहे? गवताविषयी, दाण्या-वैरणीविषयी. पावसाळ्यापर्यंत पुरवायची वैरण आताच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि कोणाच्या निष्काळजीपणाने गवताला आग लागली तर सर्वनाश होईल, याची चिंता तो अभिषेकापूर्वीचा राजा स्वतः वाहतो आहे. गवत ही राज्याची संपत्ती आहे हे त्याला शिकवावे लागले नव्हते.

मग इंग्रज आला. त्याच्यापूर्वी पडीक जमीन लागवडीखाली आणण्यासाठी सवलती दिल्या जात नव्हत्या असे नाही. इस्ताव्याने जमिनी देण्याची पद्धत मराठेशाहीतही होती. इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर हे मान्य केलेच पाहिजे. पण इंग्रजांनी जे केले ते वेगळ्या जातीचे होते. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापुरापासून नवी मोजणी आणि नवी सारापद्धती सुरू केली. इंदापूर म्हणजे ऐन माळरानाचा मुलूख! शेतसंख्या, प्रत आणि आकार यांच्या कोष्टकात सारी पृथ्वी बसवण्यात आली. जी सारा देते ती जमीन. जी देत नाही ती ‘वेस्ट’. सारा हलका झाला तसा नांगर माळावर चढला. गावाच्या वाट्याला गायरान म्हणून काही तुकडे राहिले. बाकीचा माळ सरकारच्या दृष्टीने एक रिकामी ओळ होऊन बसला. वाणिज्याच्या नजरेने पाहणाऱ्या परकीयाला गवतात दुसरे काही दिसण्याचे कारण नव्हते. प्रश्न असा आहे की, तो गेल्यानंतरही आपल्याला ते का दिसू नये?

याच माळावर शिकारीचा खेळ चालला. त्यात साहेब होता तसे आपले संस्थानिकही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. काळविटांच्या मागे शिकारी चित्ते सोडण्याचा छंद कोल्हापूर, भावनगर येथील दरबारांनी इतका जोपासला की, देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेहून मागवले गेले. १९४७ साली सुरगुजाकडच्या रानात एका संस्थानिकाने तीन चित्ते एकाच रात्री मारले, ती या देशातील चित्त्याची शेवटची निश्चित नोंद. १९५२ साली चित्ता नामशेष झाल्याचे सरकारने घोषित केले. काळविटांची खरी कत्तल मात्र त्यानंतरची. स्वातंत्र्य मिळाले, जीपगाडी आली, रात्रीचे प्रखर झोत आले, बंदुका स्वस्त झाल्या. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत माळ बराचसा रिकामा झाला होता.

स्वराज्यातले ‘वेस्ट’

स्वतंत्र भारताने साहेबाची टोपी टाकली, पण त्याची नोंदवही जपून ठेवली. १९८५ साली राजीव गांधींच्या सरकारने ‘राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळ’ स्थापन केले. पुढे २००० साली केंद्र सरकारने उपग्रहाच्या साहाय्याने देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात पडीक म्हणून ज्यांची गणना झाली त्यात झुडपांची आणि झुडपांविना असलेली मोकळी जमीन होती, चराऊ कुरणेही होती. म्हणजे उपग्रह आपला, शास्त्रज्ञ आपले, नकाशा आपला. नजर मात्र विंगेटची!

याच नजरेतून माळावर वृक्षारोपणाचे महायज्ञ झाले. गिरिपुष्प, सुबाभूळ अशी परदेशी झाडे ओळीने लावण्यात आली. अमेरिका खंडातून आलेली वेडी बाभूळ सरपणासाठी म्हणून पसरवली गेली आणि आता ती कोणाला आवरत नाही. या दोषातून आपल्या विचारांची सरकारेही सुटलेली नाहीत. २०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्रात ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडण्यात आला. हेतू स्तुत्य होता. झाड लावणाऱ्या हाताला कोण दूषण देईल? पण जेथे झाड निसर्गानेच लावले नाही, तेथे ते लावण्याचा अट्टहास हा निसर्गसेवेचा नव्हे, आकड्यांच्या सेवेचा प्रकार आहे. माळावर खणलेला प्रत्येक खड्डा हा गवताच्या छातीवरचा घाव असतो, हे सांगणारा एकही माणूस त्या समारंभांत व्यासपीठावर नसावा याचे वाईट वाटते.

दुसरीकडे संरक्षणाचे सारे वैभव वाघाच्या वाट्याला आले. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तो यशस्वी झाला, आज पन्नासहून अधिक व्याघ्र प्रकल्प देशात आहेत, याचा कोणाही भारतीयाला अभिमानच वाटेल. पण वाघ जंगलात राहतो, म्हणून जंगल वाचले. माळाला असा वनराज मिळाला नाही. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-नगर भागात साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अवाढव्य अभयारण्य कागदावर उभे केले गेले. त्यात गावे आली, शेते आली, शहरेसुद्धा आली. लोकांच्या जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि ज्या माळढोकासाठी हे चालले होते तो पक्षी लोकांच्या डोळ्यांत सलू लागला. अखेर ते क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे हीच वृत्तपत्राची बातमी होऊन बसली. समाजाला बरोबर न घेता कागदावर आखलेल्या रेघांचे दुसरे काय होणार?

होऊ शकते त्याची उदाहरणेही आपल्याच देशात आहेत. मध्य प्रदेशातील कान्ह्याचा बारशिंगा १९७० साली अवघा ६६ उरला होता. त्याच्यासाठी कुरणे राखली, गवत जोपासले, सुरक्षित कुंपणात त्याची वीण वाढवली. तो सावरला, इतका की २०१५ च्या सुमारास त्यातील काही सातपुड्याच्या रानात नेऊन वसवता आले. भावनगरजवळचे वेळावदर हे तर संस्थानिकांचे राखीव गवती रान. १९७६ साली त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. उणीपुरी ३४ चौरस किलोमीटरची जागा, पण काळविटांचे मोठे कळप पाहायला जग तेथे येते. गवत राखले की खूर असलेला प्राणी आपोआप राहतो. एवढे समजायला परदेशी तज्ज्ञ लागत नाहीत.

आपल्या घरातील प्रश्न

येथवरचे वाचून काही वाचक समाधानाने मान डोलावतील. दोष इंग्रजांचा, दोष नेहरूप्रणीत नियोजनाचा, दोष नोकरशाहीचा! पण लेखाचा खरा रोख पुढे आहे, आणि तो आपल्याकडे आहे.

१९९५ साली महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केलेल्या गोवंश हत्याबंदीच्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती २०१५ साली मिळाली. वीस वर्षांच्या प्रतीक्षेचे ते फळ होते. आपण पेढे वाटले, आणि योग्यच केले. पण गाय कत्तलखान्यापासून वाचली, पुढे ती खाणार काय? गाईचे गायरान कोठे आहे? सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत जगपाल सिंग विरुद्ध पंजाब या खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्याच वर्षीच्या जुलैत महाराष्ट्र शासनानेही गायराने अन्य कामांसाठी देण्यावर निर्बंध घालणारा निर्णय काढला. आणि २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे जे आकडे आले त्यानुसार राज्यातील गायरानांवर २ लाख २२ हजारांहून अधिक अतिक्रमित बांधकामे उभी होती. त्यात बेघर, भूमिहीन, भटक्या-विमुक्त बांधवांच्या झोपड्याही आहेत. त्यांना दुसरा आसरा न देता उठवणे हे पाप आहे आणि तसे कोणी सुचवू नये. पण त्यात व्यापारी गाळे आहेत, पुढाऱ्यांची कार्यालये आहेत, शिक्षणसम्राटांच्या इमारती आहेत. त्यांच्या कोनशिलांवर कोणाकोणाची नावे आहेत, हे ज्याने त्याने आपापल्या तालुक्यात जाऊन वाचावे.

२०२३ पासून सौर कृषी वाहिनीच्या नव्या टप्प्यासाठी ज्या शासकीय जमिनी दिल्या जात आहेत त्यांत गायरानेही आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी ही मागणी शंभर टक्के न्याय्य आहे. पण त्यासाठी कालव्यांचे काठ आहेत, शासकीय इमारतींची छपरे आहेत, खाणींनी खरवडून टाकलेल्या जमिनी आहेत. सर्वांत आधी हात जातो तो गायरानाकडे, कारण गायरानाला सातबाऱ्यावर बोलणारा धनी नसतो. गाय बोलत नाही, काळवीट बोलत नाही आणि धनगर बोलला तर त्याचे कोणी ऐकत नाही.

गोशाळेत उभी राहून विकतच्या वैरणीवर जगणारी गाय ही आपल्या करुणेची खूण आहे. पण ती आपल्या पराभवाचीही खूण आहे. गोमातेचा जयघोष करणाऱ्या हातांनी गोमातेचे कुरण बिल्डरला विकले, ही खंत आपल्यालाच वाटायला हवी. गाईचे गवत आणि काळविटाचे गवत एकच आहे. एकाला वाचवले की दुसरा वाचतो; एकाला विकले की दोघेही जातात. गोरक्षणाचे पुढचे पाऊल गोचररक्षण हेच आहे. ते पाऊल आपण अजून उचललेले नाही.

आणखी एक अप्रिय गोष्ट. गावाच्या वेशीवर फेकलेल्या उष्ट्यावर आणि कोंबड्यांच्या कचऱ्यावर पोसलेल्या मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या माळावर जातात आणि पाडसे फाडतात. शहरातील भूतदयेच्या उमाळ्याला हे दिसत नाही. ज्या दयेला एकच प्राणी दिसतो आणि त्याने मारलेला दुसरा दिसत नाही, तिला आपल्या परंपरेत दया म्हटलेले नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. काळविटाचा कळप रात्रीतून हरभऱ्याचे, ज्वारीच्या कोवळ्या पिकाचे वावर साफ करतो. विदर्भात रोही आणि रानडुक्कर यांनी शेतकऱ्याची झोप हिरावून घेतली आहे. थंडीच्या रात्री मचाणावर बसून डबे वाजवणाऱ्या माणसाला स्मृतींतील कृष्णमृगाची महती सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात बसून ‘माणूसच प्राण्यांच्या जागेत गेला’ असे सुनावणाऱ्यांनी एक वर्ष कोरडवाहू पाच एकरांवर संसार करून पाहावा. नुकसानीचा पंचनामा वेळेत होत नाही, झाला तर भरपाईचा आकडा हेलपाट्यांच्या खर्चाइतका नसतो. वन्यजीव ही राष्ट्राची संपत्ती असेल तर तिच्या चाऱ्याचा खर्च राष्ट्राने उचलला पाहिजे; तो एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे हा धर्म नव्हे, वेठ आहे.

पण उपाय बंदूक हाही नव्हे. २०१५ च्या डिसेंबरात केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाईला उपद्रवी ठरवले आणि २०१६ च्या जूनमध्ये मोकामा परिसरात बाहेरून आणलेल्या शिकाऱ्यांनी दोनशेहून अधिक नीलगाई टिपल्या. केंद्रातील दोन मंत्र्यांमध्ये त्यावरून जाहीर वाद झाला, तो देशाने पाहिला. नीलगाय ही काही गाय नव्हे, ती कुरंगच आहे. चौशिंग्याची ती जवळची नातलग. तरीही नावातल्या त्या एका शब्दाने शतकानुशतके तिला अभय दिले होते. ते अभय काढून घेण्यापूर्वी तिच्या रानाचे काय झाले, हा प्रश्न कोणी विचारला नाही. याउलट २०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशात शाजापूर जिल्ह्याच्या शेतशिवारातून हेलिकॉप्टरच्या साहाय्याने कळप हाकून, सापळाकुंपणात घेऊन, आठशेहून अधिक काळवीट जिवंत पकडून संरक्षित वनांत सोडण्यात आले. शेतकरीही सुटला, मृगही जगला. मध्य प्रदेशाला जे जमते ते महाराष्ट्राला का जमू नये? मात्र पकडलेला काळवीट सोडायला माळ तर हवा! कळप शेतात येतो तो हौसेने नव्हे. त्याचे ताट आपण ओढून घेतले म्हणून तो आपल्या ताटाशी येतो.

श्रद्धा आणि शिस्त

आपल्याकडील पुरोगामी मंडळींना धर्मश्रद्धेचा निसर्गरक्षणाशी संबंध जोडलेला रुचत नाही. संरक्षण ही पश्चिमेची देणगी आणि हिंदूंच्या कथा म्हणजे भाबडेपणा, असे ते सुचवतात. त्यांनी मारवाडात जाऊन बिष्णोई समाज पाहावा. जांभोजींनी १४८५ साली घालून दिलेल्या २९ नियमांवर हा समाज आजही चालतो. १७३० साली खेजडलीला जोधपूर दरबारची माणसे खेजडीची झाडे तोडायला आली तेव्हा अमृतादेवीने झाडाला मिठी मारली, आणि तिच्यामागे एकूण ३६३ जणांनी मस्तके दिली. ही खेजडी म्हणजे आपली शमी. १९९८ साली जोधपूरजवळ कांकाणी येथे काळवीट मारले गेले तेव्हा एका बड्या चित्रपट अभिनेत्याविरुद्ध उभे राहिले ते याच समाजाचे सामान्य शेतकरी. वीस वर्षे त्यांनी पाठपुरावा केला, आणि २०१८ साली जोधपूरच्या न्यायालयाने त्या अभिनेत्याला ५ वर्षांची शिक्षा सुनावली. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण पैसा आणि प्रसिद्धी यांच्यासमोर न वाकणारे ते साक्षीदार श्रद्धेतूनच उभे राहिले होते. वनखात्याच्या कोणत्या प्रशिक्षणवर्गात असे धैर्य शिकवले जाते?

मात्र बिष्णोईंचे नाव घेऊन आपण सुटत नाही. त्यांची श्रद्धा नियमांत बांधलेली आहे, रोजच्या वागणुकीत उतरलेली आहे. आपली श्रद्धा बहुतांशी भाषणात उरली आहे. मुंजीत बटूच्या जानव्याला कृष्णाजिनाचा तुकडा बांधण्याची चाल आपल्यात होती. त्या तुकड्याचा धनी कोठे राहतो, हे किती बटूंना आणि किती पुरोहितांना ठाऊक आहे? शाकुंतलाच्या आरंभी शिकारीच्या आवेशात आलेल्या दुष्यंताला तपस्वी थांबवतात आणि तो सम्राट बाण भात्यात परत ठेवतो. सत्तेला थांबवणारे तपस्वी आणि थांबणारी सत्ता, असे दोघेही असावे लागतात. आज थांबवणारे कोण?

ते आपण व्हावे. त्यासाठी करायच्या गोष्टी डोंगराएवढ्या नाहीत. शासनाने माळराने आणि गायराने यांच्या नावापुढील ‘पडीक’ हा शब्द महसुली दप्तरातून कायमचा खोडावा आणि ‘गवताळ भूमी’ ही स्वतंत्र नोंद करावी. माळावर वृक्षलागवड थांबवावी; तो पैसा वेडी बाभूळ काढण्यासाठी आणि देशी गवताच्या बियाण्यासाठी वापरावा. धनगरांना रानातून हुसकावण्याऐवजी त्यांच्याशी बसून पाळीपाळीने चराईचे वेळापत्रक ठरवावे, कारण माळ त्यांच्याइतका कोणी ओळखत नाही. पिकांची भरपाई ठरावीक मुदतीत थेट खात्यावर जमा व्हावी आणि विलंब झाल्यास व्याजासह मिळावी. गायरानावरील गरिबाला आधी घर द्यावे, आणि धनदांडग्याला आधी नोटीस.

हे शासनाचे झाले. आपले काय? प्रत्येक तालुक्यात आपल्या विचारांच्या संस्था आहेत, गोशाळा आहेत, कार्यकर्ते आहेत. प्रत्येक गोशाळेने जवळचे एक गायरान ग्रामसभेच्या संमतीने दत्तक घ्यावे, त्याच्या हद्दी मोजून घ्याव्यात, तेथील गवत पावसाळ्यात राखावे आणि मग कापून न्यावे. गुरे जगतील, गावाला वैरण मिळेल, आणि एखाद्या पहाटे त्या गवतात काळविटाची जोडी उभी दिसेल. एक गायरान वाचवणे ही एका मोर्चाहून अवघड गोष्ट आहे, कारण तेथे शत्रू परका नसतो. पण राष्ट्रकार्य म्हणजे सोपी कामे, असे आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आणलेले चित्ते कुनोच्या रानात सोडले गेले तेव्हा देशाला आनंद झाला. ७० वर्षांपूर्वी गमावलेले काहीतरी परत मिळवण्याची ती जिद्द होती. पण चित्ता परदेशातून विमानाने आणता येतो. माळ आणता येत नाही. नांगराखाली, सिमेंटखाली गेलेले गवत पुन्हा उगवून यायला पिढ्या लागतात आणि तोवर त्याच्यावर जगणारे कोणी उरत नाही.

स्मृतिकारांनी देशाच्या पावित्र्याची खूण म्हणून एक भित्रा, देखणा, गवत खाऊन जगणारा प्राणी निवडला. जो समाज अशा दुबळ्या जिवालाही निर्भयपणे चरू देतो तोच धर्म पाळू शकतो, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. रेहेकुरीच्या त्या २.१७ चौरस किलोमीटरमध्ये ती खूण अजून जिवंत आहे. ती तेवढ्यातच कोंडून मरू द्यायची, की आपल्या गावच्या गायरानापर्यंत परत आणायची, याचा निर्णय आता कोणत्याही साहेबाच्या हातात नाही.